मंडळाचे एकमेव आजोबा

कोलकात्यातल्या आमच्या मराठी मंडळात कोणी जन्माला येत नाही आणि कोणी मरत नाही. ऐकायला हे फार पुण्यवान वाटतं, पण कारण अगदी साधं आहे. बाळंतपणाला पोरी माहेरी जातात, नाशिकला नाहीतर नागपूरला, आणि बाळाने मान धरली की त्याला घेऊन परत येतात. निवृत्त झालेला माणूस महिन्याभरात सामान बांधून पुण्याच्या फ्लॅटमध्ये राहायला जातो, आणि पुढे जे काही व्हायचं ते त्याचं तिकडेच होतं. त्यामुळे मंडळाची लोकसंख्या वाढते ती बदल्यांनी आणि घटते तीही बदल्यांनीच. एप्रिल-मे आला की कोण चाललं आणि कोण येतंय, याशिवाय आम्हाला दुसरा विषय नसतो. निरोप समारंभ आणि स्वागत समारंभ आम्ही एकाच संध्याकाळी उरकतो, म्हणजे बटाटेवडे एकदाच तळावे लागतात. मी मंडळाची चिटणीस आहे, त्यामुळे वडे कोण तळतं हे वेगळं सांगायला नको.

माणसं बदलतात, पण मंडळाच्या वस्तू इथेच फिरत राहतात. जाणारा येणाऱ्याच्या हाती देऊन जातो. मोठं मोदकपात्र सध्या गार्डन रीचला रेल्वेच्या क्वार्टर्समध्ये आहे. पुरणयंत्र सॉल्ट लेकला एका आयटीतल्या जोडप्याकडे आहे. ते त्यांनी अजून खोक्यातून बाहेरही काढलेलं नाही. गणपतीचं मखर बालीगंजला आमच्याकडे, बेडखाली. नवऱ्याच्या कंपनीच्या फ्लॅटमध्ये आम्हाला बरीच वर्षं झाली, इतकी की आमची बदली करायला कंपनी विसरली असावी असं मंडळात सगळे म्हणायचे.

या सगळ्यात मी माझ्या बाबांना घेऊन आले.

बाबा साताऱ्याला एकटे राहत होते. आई गेल्यावरही त्यांचं सगळं वेळच्या वेळी चालू होतं आणि ते त्यांनी मला फोनवर दर वेळी ऐकवलं होतं. मग ते बाथरूममध्ये घसरले. मोडलं काही नाही, पण ही बातमी मला शेजारच्या काकूंकडून कळली, त्यांच्याकडून नाही. मी फोनवर इतकी ओरडले की शेवटी ते म्हणाले, "येतो, येतो. दोन महिने येतो. पण परतीचं तिकीट आधी काढ." मी काढलं. मनात मात्र ठरवून टाकलं होतं की बाबा आता कायमचे इथेच राहणार. मी त्यांची एकुलती एक मुलगी. मी नाही ठेवून घेणार तर कोण घेणार?

बाबा भूगोलाचे निवृत्त शिक्षक. उभ्या आयुष्यात त्यांनी हुगळीकाठचा ताग पोरांकडून घोकून घेतला होता, पण तागाचं रोप आणि हुगळी, दोन्ही कधी पाहिलेलं नव्हतं. हावडा स्टेशनवरून टॅक्सी पुलावर आली तसे ते सीटवर पुढे सरकून बसले. "आता आपण डाव्या किनाऱ्यावर चाललोय," त्यांनी टॅक्सीवाल्याला हिंदीत सांगितलं. टॅक्सीवाला रोज शंभरदा तो पूल ओलांडत असावा. त्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं, मी खिडकीतून बाहेर पाहिलं.

पूजेच्या आधी मी त्यांना गडियाहाटच्या बाजारात नेलं. तिथे त्या दिवसांत चालावं लागत नाही, गर्दीच आपल्याला नेते. एका बाईचं कोपर बाबांच्या बरगडीत, एका माणसाची पिशवी त्यांच्या गुडघ्यात, आणि मागून कोणीतरी चादरींचा गठ्ठा डोक्यावर घेऊन ओरडत येतंय. मला वाटलं, आता हे चिडणार आणि साताऱ्याची आठवण काढणार. बाबा समाधानाने इकडेतिकडे बघत म्हणाले, "दाट लोकवस्ती. हीच ती!" वर्गातल्या नकाशावर जिथे छडी टेकवायची, तिथे ते आता स्वतः उभे होते.

तर त्यांना शहर आवडलं होतं. राहायचं मात्र नाव नव्हतं. मी मग एकेक निमित्त काढून तिकीट पुढे ढकलायला लागले. पूजा बघितल्याशिवाय कोणी कोलकात्यातून जातं का? झालं, पूजा झाली. दिवाळी साताऱ्याला एकट्याने करणार? दिवाळी झाली. आता नोलेन गूर येईल, खजुराचा नवा गूळ, तो फक्त थंडीतच मिळतो. बाबांना गोड आवडतं हे मला माहीत होतं. गूळही झाला. "आता संक्रांतीचं काय काढते आहेस?" असं ते स्वतःच विचारायला लागले.

पण माझा खरा भरवसा मंडळावर होता. बाबांना इथे करमायचं तर मराठी माणसं हवीत, मराठी गप्पा हव्यात, पिठलं-भाकरी हवी, असं मी धरून चालले होते. परगावी राहणारा प्रत्येक मराठी माणूस हेच धरून चालतो. म्हणून आल्या-आल्याच मी त्यांना मंडळाच्या गणपतीला नेलं, आणि तिथेच घोटाळा झाला.

मंडळात बाबांच्या वयाचं कोणीच नव्हतं. बाबांच्या वयाचं सोडा, साठीचंसुद्धा नव्हतं. आरती झाली, आणि एका नव्या नवरीने पुढे होऊन बाबांना वाकून नमस्कार केला. तिला बघून दुसरीने केला. मग तिचा नवरा. मग अख्खं मंडळ रांगेत उभं राहिलं. कितीतरी दिवसांत पाया पडायला म्हातारं माणूस मिळालेलं नव्हतं, तो सगळा अनुशेष त्या संध्याकाळी भरून निघाला. बाबा आधी "असू दे, असू दे" म्हणत होते, मग नुसतेच हात वर धरून बसले. घरी येऊन मी त्यांच्या खांद्याला तेल चोळलं.

आणि दुसऱ्या दिवसापासून मागणी सुरू झाली. सॉल्ट लेकला उष्टावण आहे, घरातलं वडीलधारं कोणी येऊ शकत नाही, आजोबांना पाठवाल का? मुलगा प्रवेशपरीक्षेला चाललाय, हातावर दही घालायला कोणीतरी मोठं हवं. पाडव्याला जोडप्याने नमस्कार कोणाला करायचा? नवीन फ्लॅटमध्ये पहिला दिवा आजोबांच्या हातून लागला तर किती छान. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर आठवड्याला "आजोबा शनिवारी मोकळे आहेत का?" असा मेसेज यायला लागला आणि मी उत्साहाने त्यांच्या वेळा ठरवायला लागले. मला वाटत होतं, बाबांना किती मान मिळतोय! एका शनिवारी गार्डन रीचला वास्तुशांत आणि तिथून थेट सॉल्ट लेकला पहिला वाढदिवस, म्हणजे शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. रात्री बाबा खुर्चीत बसले आणि शांतपणे म्हणाले, "मी माणूस आहे की मंडळाचं मोदकपात्र?"

"अहो, लोक किती प्रेमाने बोलावतात, बाबा!"

"प्रेमाने बोलावतात, मध्ये बसवतात, फोटो काढतात, आणि मग आपापसात ऑफिसचं बोलतात. मी कोपऱ्यात वड्या खातो. होळीनंतरचं तिकीट काढ. या वेळी पुढे ढकलायचं नाही."

त्यांनी हे ज्या आवाजात सांगितलं, त्या आवाजापुढे साताऱ्यातल्या कुठल्याही पोराने कधी दुसरं वाक्य बोललेलं नव्हतं. मी लगेच मोबाईल घेतला. तिकीट काढलं.

त्याच सुमारास माझ्या मुलीला शाळेतून भूगोलाचा प्रकल्प आला. ती नववीत. कुठल्याही एका समूहाचा लोकसंख्येचा पिरॅमिड काढायचा होता: खाली लहान मुलं, त्यावर तरुण, मग मोठी माणसं आणि टोकाला म्हातारी. तिने मराठी मंडळ निवडलं, कारण सगळ्यांची वयं आईला विचारली की काम झालं. आमची ही मुलगी लहानाची मोठी झाली ती इथेच. मराठी बोलते, पण घाईत असली की ते कुठूनही कुठेही जातं. आजोबांना मात्र जणू पुन्हा नोकरीवर घेतल्यासारखं झालं. त्यांनी आलेखाचा कागद आणवला, पेन्सिलला टोक काढलं, आणि जेवणाचं टेबल तीन दिवस आम्हाला जेवायला मिळालं नाही.

पिरॅमिड कसला, माठ निघाला. पंचविशी ते अठ्ठावन्न एवढं भलंमोठं पोट. खाली शाळकरी मुलांचा बेताचा बुडखा. बारावीच्या पुढे एकदम खड्डा, कारण बारावी झाली की पोरं पुणे नाहीतर बंगळूर गाठतात. आणि साठीला वरचा भाग विळीवर धरून कापल्यासारखा सपाट. मुलीने बऱ्याच विचाराने सगळ्यात वर एक बारीक रेघ काढली.

"आजोबा, हे तुम्ही. टॉपला एकटेच आहात. किती ऑड दिसतंय ना?"

बाबांनी चष्मा सावरला. "पुसून टाक. पाहुण्याला मोजत नाहीत. माणूस सहा महिने राहिला किंवा राहायचा त्याचा विचार असला, तरच तो तिथला रहिवासी."

"सहा मंथ तर होतच आलेत ना!"

"होळीनंतर मी इथे नाही. शास्त्र म्हणजे शास्त्र. पूस."

तिने पुसलं. मी ओट्याशी होते, मला सगळं ऐकू आलं. मला ते फार लागलं. इतके दिवस गूळ, संक्रांत, उटणं, काय काय केलं मी, आणि हा माणूस स्वतःच्या नातीच्या कागदावरसुद्धा राहायला तयार नाही! मी त्या दिवशी आमटीत मीठ दोनदा घातलं.

शाळेला तुलनेसाठी दुसराही एक समूह हवा होता. मुलीने आमची इमारत आणि शेजारच्या दोन घेतल्या, आणि आजोबांना घेऊन ती दारोदार फिरली. तिथे उलटाच प्रकार. प्रत्येक मजल्यावर एक आजी, एक आजोबा, एक जपून ठेवलेलं तीन खोल्यांचं घर, आणि भिंतीवर मुलाच्या लग्नाचा फोटो. मुलं कुठे? पुण्यात, बंगळूरला, हैदराबादला, एक-दोन अमेरिकेत. तो पिरॅमिड डोक्यावर उभा राहिला. बाबा तो कागद हातात घेऊन हसतच सुटले. "अगं, यांची पोरं आपल्याकडे आहेत आणि आपण यांच्याकडे!"

त्या फेरीत त्यांना वरच्या मजल्यावरचे दादू भेटले. दादू म्हणजे बंगालीत आजोबा. आमची मुलगी त्यांना लहानपणापासून तेच म्हणते. निवृत्त इंजिनिअर, पत्नी काही वर्षांपूर्वी गेलेली, एकुलता एक मुलगा पुण्यात आयटीत. आमची मुलगी त्यांना वयोगट विचारायला गेली आणि बाबा त्यांच्याकडे जेवणाच्या वेळेपर्यंत बसले. विषय हुगळीतला गाळ. उठेपर्यंत बाबा त्यांचे 'मास्टरमोशाय', म्हणजे गुरुजी, झाले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं कोपऱ्यावरच्या बागेत गेले. तिथे बाकांवर अशीच सगळी मंडळी, मातीच्या भांड्यातून चहा पीत, मोठमोठ्याने वाद घालत. बाबा पुण्याच्या बाजूचे आहेत हे कळताच ते तिथले तज्ज्ञ झाले. सगळ्यांच्या मुलांची घरं तिकडे. वाकडहून हिंजवडी किती लांब? उन्हाळ्यात टँकर लागतो का? तिथे रुई मासा मिळतो का, की नुसतं पनीरच खायचं? बाबांनी उभ्या जन्मात मासा खाल्लेला नाही, पण संध्याकाळी त्यांनी मला पुण्यातल्या एका भाचीला फोन करून मासळीबाजाराची चौकशी करायला लावली.

मी त्यांच्यासाठी अख्खा महाराष्ट्र गोळा करत फिरत होते, आणि हा गृहस्थ बंगाल्यांत जाऊन रमला! आधी मला रागच आला. मग ग्रुपवर लिहिलं, "आजोबा शनिवारी मोकळे नाहीत," आणि लिहिताना बरं वाटलं.

तिकीट मात्र जागेवरच होतं. होळी जवळ आली.

त्या आठवड्यात दादूंचा मुलगा पुण्याहून त्यांना न्यायला आला. दादू जायला तयार नव्हते. त्यांनी आपली खोली आतून लावून घेतली, मोठ्याने बातम्या लावल्या. मुलगा हताश होऊन आमच्याकडे आला आणि बाबांना मोडक्या मराठीत म्हणाला, "काका, तुम्ही सांगितलं तर बाबा ऐकणार." कोणी आपल्याला समजावून सांगायला बोलावणं ही बाबांची कमजोरी. त्यांनी दादूंना चहाला खाली बोलावलं आणि हॉलमध्ये उभं राहून, पाठीमागे हात बांधून, पुण्यावर तास घेतला. समुद्रसपाटीपासून उंची. कोरडी हवा, सांधेदुखीला उत्तम. नद्या दोन, पाणी नाही, पण धरणं जवळ. शेवटी आवाज जरा खाली आणून म्हणाले, "और देखिए, बुढ़ापे में बच्चों के पास रहना चाहिए. अकेला रहने में क्या मर्दुमकी है? गिर गए तो कौन उठाएगा?"

दादूंनी कप खाली ठेवला. "मास्टरमोशाय, आप इतना भालो समझाता है. तो आप बेटी को छोड़ के क्यों जा रहा है?"

माझा नवरा आपल्या बशीतल्या बिस्किटाकडे बघत राहिला. बाबांनी हात पाठीमागून काढले, पुन्हा बांधले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "वो अलग बात है. हमारे में बेटी के घर हमेशा के लिए नहीं रहते. अच्छा नहीं दिखता."

म्हणजे हे होतं तर! वड्या नव्हत्या, साताऱ्याची हवा नव्हती, मोदकपात्रही नव्हतं. मी ट्रे आपटला. पाहुण्यांसमोर, मराठीत, आवाज चढवून बोलले. "कोणाला दिसत नाही चांगलं, बाबा? मी मुलगा असते तर राहिला असतात ना? मला शिकवताना, भांडून नोकरीला पाठवताना नाही आठवलं मुलगी आहे ते? तुम्ही तिकडे पडलात हे मला शेजारणीकडून कळावं, ते चांगलं दिसतं?"

दादूंना मराठी येत नाही, पण त्यांना काही अडलं नाही. ते बाबांना म्हणाले, "हमारे में भी ऐसा बोलता था. लेकिन वो बोलने वाला लोग तो सब मर गया, मास्टरमोशाय."

बाबांनी हसू आवरायचा प्रयत्न केला. जमलं नाही.

दादू चार दिवसांनी मुलाबरोबर गेले. बाबा हावड्यापर्यंत पोचवायला गेले. स्वतःबद्दल मला एक अक्षर बोलले नाहीत. फक्त संध्याकाळी नवऱ्याला म्हणाले, "जावईबापू, नातीची परीक्षा होईपर्यंत जायचं राहू दे. तिचा नकाशा अजून कच्चा आहे." मीही काही विचारलं नाही. विचारलं तर उत्तर द्यावं लागेल म्हणून ते तिकीट काढतील, एवढं मी त्यांना ओळखते.

परीक्षा संपली, निकाल लागला, आणि त्याच आठवड्यात कंपनीला आमची आठवण झाली. नवऱ्याची बदली विशाखापट्टणमला.

मंडळातल्या बायका सांत्वनाला आणि बेडखालचं मखर कोणाकडे जाणार हे विचारायला आल्या. मला मखराचं सुचत नव्हतं. बदली झाली की घरातलं म्हातारं माणूस गावी परत जातं, हे आमच्यात ठरलेलंच असतं. नवं शहर, नवा डॉक्टर, लिफ्ट असेल-नसेल; कोणी भांडत नाही, कोणी हट्ट करत नाही, सोयीचं असतं म्हणून जातं. आता बाबांना जायला निमित्तही शोधावं लागणार नव्हतं. मी दोन दिवस त्यांना काही सांगितलंच नाही. तिसऱ्या दिवशी सकाळच्या चहाला नवऱ्याने सांगून टाकलं.

बाबांनी कप ठेवला. "विशाखापट्टणम," ते म्हणाले. "पूर्व किनारा. नैसर्गिक बंदर. मी पोरांना नेहमी परीक्षेला घालायचो." मग नातीकडे बघत, "हिची दहावी आहे. शाळेचं आधी बघा, घराचं नंतर. आणि खालच्या मजल्यावरचं घर बघा."

"बाबा," मी म्हटलं. "तुमचं साताऱ्याचं तिकीट कधीचं काढू?"

सोप्या प्रश्नाला कोणी चुकीचं उत्तर दिलं की ते वर्गात जसे बघत, तसे ते माझ्याकडे बघत राहिले.

"माझं वेगळं कशाला? चौघांचं एकत्र काढ. मला खालचा बर्थ मिळतोय का ते बघ."

मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि रडले. चांगली हुंदके देऊन रडले. बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून नळ पूर्ण सोडून ठेवला. पाच मिनिटं झाली असतील-नसतील, तोच बाहेरून बाबांचा आवाज आला, "अगं, पाणी वाया जातंय! रडायचं तर नळ बंद करून रड."